युरोप एकच आहे का? डॉक्टर-नर्सच्या कागदांची दीडशे वर्षं

ज्यांना हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोपा जातो, त्यांच्यासाठी हा लिखित पाठ. बोललो तेच आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे छाटलेत.

आजचा प्रश्न एका ओळीत सांगतो. भारतातून एक नर्स युरोपातल्या एका देशात गेली. परीक्षा दिली, रजिस्टर झाली, दोन वर्षं वॉर्डमध्ये ड्युटी केली. आता तिला युरोपातल्याच दुसऱ्या देशात जायचंय. तिथे सोमवारी उतरून मंगळवारी ड्युटीवर जाता येईल का?

बरेच एजंट सांगतात, "हो, युरोप एकच आहे. एकदा आत शिरलात की कुठेही फिरा." व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला हे वाक्य फार गोड वाटतं. पण इतिहास जरा वेगळं सांगतो. आणि हा इतिहास आपल्या मुंबईच्या कामा हॉस्पिटलमधून जातो, रखमाबाईंमधून जातो. त्यामुळे तो परका नाही.

आधी मी कुठून बोलतोय ते सांगतो. मी पेणचा. लोणेऱ्याला बीटेक केलं, आता ऐरोलीला सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. माझा आणि वैद्यकीय क्षेत्राचा संबंध सर्दी-तापापुरता. पण माझी मावसबहीण रोह्याची, आणि ती नर्स आहे. वर जी नर्स सांगितली ती तीच. तिच्याकडे येऊच, पण त्याआधी रोह्याचं स्टेशन बघू.

रोह्याला काय बदलतं?

दिवा-रोहा मेमूने गेला असाल तर रोह्याला गाडी संपते, तुम्ही उतरता, प्रश्न मिटतो. पण मांडवी किंवा कोकणकन्या पकडून पुढे जाणाऱ्यांना बहुतेक वेळा कळतही नाही की रोह्याला काहीतरी बदलतं. रोह्यापर्यंतचा मार्ग मध्य रेल्वेचा. रोह्यापासून पुढे थेट कर्नाटकातल्या ठोकूरपर्यंतचा मार्ग कोकण रेल्वेचा. ही वेगळी कंपनी, वेगळं प्रशासन. २६ जानेवारी १९९८ ला हा पूर्ण मार्ग सुरू झाला.

आता विचार करा, हद्द बदलली म्हणून रोह्याला गाडी थांबवली, ड्रायव्हरला खाली उतरवलं आणि सांगितलं, "तुम्ही मध्य रेल्वेचं शिक्षण घेतलंय, आमच्या रुळावर चालवायचं तर पुन्हा परीक्षा द्या, तीही कन्नडमध्ये." हसू येतं ना? आपण म्हणू, रूळ तेच, इंजिन तेच, सिग्नल तेच.

नर्सच्या बाबतीत मात्र नेमकं हेच होतं. माणसाचं शरीर आयर्लंडमध्ये आणि जर्मनीत सारखंच. सलाइन तीच, इंजेक्शन तेच. पण हद्द आली की ड्रायव्हर खाली उतरतो. हे का होतं आणि कधीपासून होतं, ते बघायला १८५८ सालात जावं लागेल.

यादीत नाव आहे का?

त्या काळी ब्रिटनमध्ये कुणीही "मी डॉक्टर" म्हणून पाटी लावू शकत होता. खरा कोण आणि भोंदू कोण, हे लोकांना कळायचं नाही. म्हणून १८५८ मध्ये मेडिकल ॲक्ट आला. एक कौन्सिल नेमलं गेलं आणि एक रजिस्टर सुरू झालं. यादीत नाव असेल तो अधिकृत डॉक्टर.

हे चांगलंच होतं. पण यादीत नाव कुणाचं जाणार? कायद्याने ठरवून दिलेल्या ब्रिटिश आणि आयरिश संस्थांचा कागद ज्याच्याकडे आहे त्याचं. परदेशी पदवी चालणार नाही. फक्त कायदा येण्याआधीपासून जे ब्रिटनमध्ये प्रॅक्टिस करत होते त्यांना सूट. त्या सवलतीतून एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंचं नाव यादीत आलं. त्यांची पदवी अमेरिकेची होती. त्यांच्यामागे दार बंद झालं.

कायद्यात कुठेही "बायकांनी डॉक्टर होऊ नये" असं लिहिलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. ब्रिटनमधल्या संस्था बायकांना परीक्षेला बसू देत नव्हत्या, आणि परदेशातल्या पदव्या यादीला चालत नव्हत्या. दोन्ही नियम एकेकटे बघितले तर निरुपद्रवी वाटतात. एकत्र केले की भिंत तयार होते. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल. दोन अटी वेगवेगळ्या बरोबर असतात, आणि दोन्ही एकत्र लावल्या की आउटपुट कायम शून्य येतं.

बर्नला जर्मन, डब्लिनला कागद

या भिंतीवर धडकलेल्यांपैकी एक होत्या एडिथ पीची. जन्म १८४५, इंग्लंडमधल्या एसेक्सचा. १८६९ मध्ये त्या आणि आणखी काही जणी एडिंबरा विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकायला गेल्या. "एडिंबराच्या सात जणी" म्हणून त्या पुढे ओळखल्या गेल्या.

रसायनशास्त्राच्या परीक्षेत पीचींनी इतके मार्क मिळवले की होप स्कॉलरशिप त्यांनाच मिळायला हवी होती. ती त्यांना नाकारून त्यांच्या खालच्या नंबरच्या मुलाला दिली गेली. १८ नोव्हेंबर १८७० ला या मुली शरीररचनेच्या परीक्षेला निघाल्या, तेव्हा दारात जमलेल्या जमावाने त्यांच्यावर चिखल फेकला. परीक्षा चालू असताना हॉलमध्ये एक मेंढी सोडली. शेवटी विद्यापीठाने सांगितलं, शिकलात ते ठीक, पदवी मिळणार नाही.

मग पीचींनी काय केलं? त्या स्वित्झर्लंडमधल्या बर्नला गेल्या. तिथे बायकांना परीक्षेला बसू देत होते. अडचण एकच, भाषा जर्मन. पीचींनी जर्मन शिकून जानेवारी १८७७ मध्ये एमडीची परीक्षा पास केली.

एमडी झाल्या, पण ब्रिटनच्या यादीत नाव नाहीच. बर्नचा कागद परदेशी. दरम्यान १८७६ मध्ये ब्रिटनमध्ये एक छोटा कायदा झाला होता. परीक्षा घेणाऱ्या संस्थांना त्याने परवानगी दिली की हवं तर बायकांना बसवा. "हवं तर" हा शब्द महत्त्वाचा, सक्ती नव्हती. सगळ्यात आधी हो म्हणाली ती डब्लिनची संस्था, आयर्लंडचं किंग अँड क्वीन्स कॉलेज ऑफ फिजिशियन्स. आयर्लंड तेव्हा ब्रिटनच्याच राज्याचा भाग होता, त्यामुळे डब्लिनचा कागद लंडनला चालायचा. मे १८७७ मध्ये पीचींनी डब्लिनची परीक्षा दिली, आणि मग कुठे त्यांचं नाव यादीत गेलं.

म्हणजे ज्ञान एडिंबरात घेतलं, पदवी बर्नमधून जर्मनमध्ये मिळवली, परवाना डब्लिनचा. एका डॉक्टरला स्वतःच्याच देशात काम करायला तीन गावं फिरावी लागली.

पुढचा टप्पा आपल्या जवळचा. मुंबईत जॉर्ज किट्रेज नावाचे अमेरिकन व्यापारी आणि सोराबजी बंगाली यांनी भारतातल्या बायकांसाठी स्त्री डॉक्टर आणायला निधी उभा केला. पेस्तनजी होरमसजी कामा यांनी हॉस्पिटलसाठी देणगी दिली. एडिथ पीची डिसेंबर १८८३ मध्ये मुंबईत उतरल्या. १८८६ मध्ये कामा हॉस्पिटल सुरू झालं, आणि त्या तिथल्या प्रमुख डॉक्टर झाल्या. आपल्या रायगडातल्या किती आज्या-पणज्या कामा हॉस्पिटलला बाळंत झाल्या असतील! त्या हॉस्पिटलच्या मुळाशी जर्मनमध्ये दिलेली एक परीक्षा आणि डब्लिनचा एक कागद आहे.

रखमाबाई ब्रसेल्सला कशाला गेल्या?

स्त्री डॉक्टर म्हटलं की आपल्याला आधी आनंदीबाई जोशी आठवतात. बरोबरच आहे. पण त्या अमेरिकेला गेल्या, आणि परतल्यावर काही महिन्यांतच १८८७ मध्ये त्यांचं निधन झालं. युरोपातल्या कागदांची गोष्ट बघायची तर रखमाबाईंकडे जायला हवं. २०१७ मध्ये त्यांच्या जन्मदिवशी गुगलच्या पहिल्या पानावर त्यांचं डूडल आलं होतं, ते तुमच्यापैकी काहींना आठवत असेल.

रखमाबाईंचा जन्म १८६४ चा. अकराव्या वर्षी लग्न झालं. मोठं झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे, दादाजी भिकाजींकडे, नांदायला जायला नकार दिला. १८८४ मध्ये खटला सुरू झाला. १८८५ मध्ये न्यायमूर्ती पिन्हे यांनी रखमाबाईंच्या बाजूने निकाल दिला. अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये न्यायमूर्ती फॅरन यांनी सांगितलं, नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाईंनी तुरुंग पत्करायची तयारी दाखवली. शेवटी १८८८ मध्ये दादाजींना दोन हजार रुपये देऊन तडजोड झाली.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत असते. मला जास्त रस आहे तो पुढच्या भागात. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्यांमध्ये एक होत्या कामा हॉस्पिटलच्या एडिथ पीची. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनला गेल्या, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर विमेनमध्ये शिकल्या. रॉयल फ्री हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष काम केलं.

आता गंमत बघा. हे स्कूल शिकवायचं, पण परवाना द्यायचा अधिकार त्याला नव्हता. त्यासाठी परीक्षा दुसऱ्या संस्थेची. रखमाबाईंनी १८९४ मध्ये एडिंबरा आणि ग्लासगोच्या संस्थांची संयुक्त परीक्षा देऊन परवाना मिळवला. ज्या एडिंबरात पीचींवर चिखल फेकला गेला, तिथलाच हा कागद. मधे फक्त चोवीस वर्षं गेली होती. मग त्याच वर्षी त्या बेल्जियमला गेल्या आणि ब्रसेल्सची एमडी घेतली. परवाना हातात असलेल्या डॉक्टरांना ब्रसेल्सचं विद्यापीठ परीक्षा देऊन एमडी मिळवू द्यायचं, आणि लंडनच्या या स्कूलमधल्या बऱ्याच जणी त्याच वाटेने गेल्या होत्या.

यातला फरक नीट लक्षात घ्या, कारण आजही लोक इथेच गोंधळतात. परवाना म्हणजे काम करायची मुभा. पदवी म्हणजे तुम्ही काय शिकलात त्याचा दाखला. ब्रसेल्सच्या एमडीने नावामागे अक्षरं आली, मान आला. पण रोग्याला हात लावायचा अधिकार आला तो स्कॉटलंडच्या कागदाने. रखमाबाईंनी दोन्ही घेतले आणि परत आल्या. १८९५ पासून सुरत आणि पुढे राजकोट, अशी जवळजवळ पस्तीस वर्षं त्यांनी बायकांच्या हॉस्पिटलात काढली.

गोव्यातही हीच गोष्ट वेगळ्या रूपात घडत होती. पणजीला १८४२ मध्ये पोर्तुगीजांनी मेडिकल स्कूल काढलं. तिथून शिकलेले गोवेकर डॉक्टर मोझांबिक, अंगोलासारख्या वसाहतींत कामाला जायचे. पण खुद्द पोर्तुगालमध्ये प्रॅक्टिस करायची, तर तिथल्या कॉलेजात पुन्हा शिकावं लागायचं. राज्य एक, राजा एक, पण कागदाची किंमत समुद्र ओलांडला की बदलायची.

नर्सच्या यादीला उशीर झाला

डॉक्टरांची यादी १८५८ ची. नर्सची यादी ब्रिटनमध्ये आली १९१९ च्या कायद्याने, म्हणजे साठ वर्षांनी. गंमत म्हणजे अशी यादी नको म्हणणाऱ्यांमध्ये स्वतः फ्लॉरेन्स नाइटिंगेल होत्या. त्यांचं म्हणणं, चांगली नर्स परीक्षेने कळत नाही, तिचा स्वभाव आणि तिची रोग्याजवळची वागणूक कागदावर मोजता येत नाही. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. पण यादी नसेल तर नर्सला पगार, दर्जा, दुसऱ्या शहरात नोकरी, काहीच हक्काने मागता येत नाही. शेवटी यादी जिंकली. भारतात इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला १९४७ मध्ये.

यादी आली की संरक्षण येतं आणि हद्दही येते. या दोन गोष्टी एकाच नाण्याच्या दोन बाजू आहेत.

१९३० आणि १९७५

आता तुम्ही म्हणाल, रखमाबाई लंडनमध्ये शिकल्या, पण मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेल्या डॉक्टरचं काय? एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून भारतीय विद्यापीठांच्या पदव्या ब्रिटनच्या यादीला चालत होत्या. पण १९२० च्या दशकात ब्रिटिश कौन्सिल म्हणायला लागलं की भारतातलं बाळंतपणाचं प्रशिक्षण पुरेसं नाही, आम्ही तपासणी करणार. तपासायचं कुणी, यावरून वाद चिघळला आणि १९३० मध्ये कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. उत्तर म्हणून १९३३ मध्ये भारतात मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला. आपल्या पदव्या आपण तपासू, हा त्यामागचा विचार. १९३६ मध्ये ब्रिटनने पुन्हा मान्यता दिली.

५ जुलै १९४८ ला ब्रिटनची एनएचएस सुरू झाली. तिला डॉक्टर कमी पडत होते, आणि भारतातून हजारो गेले. त्यांची एमबीबीएस तिथे सरळ चालायची.

आणि मग आलं १९७५. या एकाच वर्षात दोन गोष्टी घडल्या. ब्रिटनच्या कौन्सिलने भारतीय पदव्यांची मान्यता पुन्हा काढली. आता भारतीय डॉक्टरने आधी परीक्षा द्यायची. तीच परीक्षा पुढे प्लॅब नावाने प्रसिद्ध झाली. आणि त्याच वर्षी, जून १९७५ मध्ये, युरोपियन कम्युनिटीच्या नऊ देशांनी ठरवलं की आमच्या डॉक्टरांच्या पदव्या आम्ही एकमेकांत आपोआप मान्य करू. ब्रिटन तेव्हा त्या नऊ देशांत होता. १९७७ मध्ये नर्ससाठीही असाच नियम झाला.

म्हणजे काय झालं बघा. एनएचएसमध्ये वर्षानुवर्षं भारतीय डॉक्टर राबले होते, इंग्रजीत शिकलेले, ब्रिटिश धर्तीच्या कॉलेजातले. त्यांच्या मागून येणाऱ्यांसाठी फाटक पडलं. आणि ज्यांची भाषाच वेगळी होती, त्या इटली-फ्रान्सच्या डॉक्टरांसाठी फाटक उघडलं. आपल्या डॉक्टरांचं कौशल्य त्या वर्षात अचानक कमी झालं होतं का? कोण कुणाचा शेजारी, हे बदललं होतं.

मला या सगळ्या इतिहासातून एकच गोष्ट सांगायची आहे. कौशल्य माणसासोबत प्रवास करतं. मान्यता तशी करत नाही, ती देशादेशांतल्या करारावर चालते. आणि करार करताना तुमची हाताची सफाई कुणी विचारत नाही.

आजचा नियम काय?

आज युरोपियन संघात २००५ सालचा एक नियम लागू आहे. नंतर त्यात दुरुस्त्या झाल्या. डॉक्टर, जनरल नर्स, दंतवैद्य, सुईण, फार्मासिस्ट, पशुवैद्य आणि आर्किटेक्ट, या सात पेशांना एकमेकांच्या देशात जवळपास आपोआप मान्यता मिळते. नर्ससाठी किमान प्रशिक्षण ठरवून दिलंय: तीन वर्षं आणि ४,६०० तास, त्यातले निम्मे तरी प्रत्यक्ष रोग्यांजवळ. हे म्हणजे एका अकाउंटने दहा ॲपमध्ये लॉगिन करण्यासारखं.

पण हे अकाउंट कुणाचं? ज्याचं नागरिकत्व संघातल्या देशाचं आणि ज्याचं शिक्षण संघातल्या देशात झालं, त्याचं. भारतात जीएनएम किंवा बीएस्सी नर्सिंग केलेल्या मुलीला आयर्लंडने मान्यता दिली, तरी ती आयर्लंडपुरती. मूळ शिक्षण बाहेरचंच राहतं. एका देशाने मान्यता देऊन तिथे तीन वर्षं काम झालं, की दुसऱ्या देशात बाजू बरीच मजबूत होते. पण त्यातही नागरिकत्वाचा किंवा विशिष्ट निवासी दर्जाचा प्रश्न येतो, आणि दुसरा देश तरीही कागद तपासून वर काही परीक्षा मागू शकतो. ब्रिटन तर २०२० संपताना या व्यवस्थेतून पूर्ण बाहेर पडलं.

आता माझ्या ताईचं

ताईने जीएनएम केलं, पनवेलच्या एका हॉस्पिटलात चार वर्षं काढली, इंग्रजीची परीक्षा दिली, आणि आयर्लंडला गेली. तिथल्या नर्सिंग बोर्डाने तिचे कागद तपासले, परीक्षा झाली, नाव यादीत आलं. हे बोर्ड डब्लिनचं. म्हणजे १८७७ मध्ये एडिथ पीचींना कागद दिला त्याच शहराने दीडशे वर्षांनी रोह्याच्या मुलीला कागद दिला.

दोन वर्षं झाली. मधेच दाजींना, जे धाटावच्या एमआयडीसीत मेंटेनन्सला होते, जर्मनीत स्टुटगार्टजवळ नोकरीची संधी आली. मुलगी सहा वर्षांची, रोह्याला मावशीकडे. सगळ्यांनी एकत्र राहायचं तर जर्मनी उत्तम, असं वाटत होतं. ज्या एजंटने ताईला पाठवलं होतं तो म्हणाला, "मॅडम, युरोप एकच आहे, नुसती ट्रान्सफर समजा." त्या ट्रान्सफरची फी मात्र त्याने आधी सांगितली.

ताईने मला फोन केला. "तू शोध रे, तुला नेटवरचं कळतं." मग आम्ही दोघांनी तीन रविवार अधिकृत वेबसाइट वाचण्यात घालवले.

निघालं ते असं. जर्मनीत नर्सची मान्यता १६ राज्यं आपापल्या कार्यालयांतून देतात. भाषा साधारणपणे बी-टू पातळीपर्यंत जर्मन. ताईचे भारतातले कागद पुन्हा मूळपासून तपासले जाणार. तिथल्या शिक्षणाशी तुलना होणार, आणि फरक निघाला तर एक परीक्षा किंवा काही महिन्यांचं प्रशिक्षण. तोपर्यंत ती नर्स नाही, सहायक. आयर्लंडमधला अनुभव वाया जात नाही, पण तो पास म्हणून चालत नाही, पुरावा म्हणून जोडायचा.

पीची आधी बर्नला गेल्या, जर्मनमध्ये परीक्षा दिली, आणि मग डब्लिनचा कागद घेतला. ताईकडे डब्लिनचा कागद आधी आला, आणि आता समोर जर्मन परीक्षा. क्रम उलटा, रस्ता तोच.

दुसरा पर्याय होता आयर्लंडमध्येच थांबायचा. साधारण पाच वर्षं झाली की नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. आयरिश पासपोर्ट आणि तीन वर्षांहून जास्त अनुभव, मग जर्मनीच काय, संघात कुठेही बाजू भक्कम. पण भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. आपला पासपोर्ट सोडावा लागेल. ओसीआय कार्ड मिळतं, पण त्यावर इथे शेतजमीन विकत घेता येत नाही, वारशाने येऊ शकते. ताईच्या वडिलांची रोह्याजवळ भातशेती आहे. हे ऐकल्यावर काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेत कुठं पळून जातंय? पण पोर तिकडं आणि आई इकडं, असं किती दिवस?"

ताईने ठरवलं ते सांगतो. ती आयर्लंडमध्येच राहतेय. दाजींनी जर्मनीची नोकरी नाकारली, ते आयर्लंडला जायची तयारी करतायत, मुलगी जूननंतर जाईल. पासपोर्टचं तीन वर्षांनी बघू, असं ठरलंय. आणि ताई रोज रात्री ड्युटीवरून आल्यावर मोबाइलवर अर्धा तास जर्मन शिकते. "कुणी सांगितलंय शिकायला?" मी विचारलं. म्हणाली, "कागद त्यांचा असतो. भाषा माझी राहील ना."

दाजींनी सोडलेल्या पगाराचा आकडा मला माहीत आहे. तो मोठा होता. एजंटचं एक वाक्य खरं मानून हे कुटुंब जर्मनीला गेलं असतं, तर ताईला रजिस्टर्ड नर्सची नोकरी सोडून सहायक म्हणून पुन्हा सुरुवात करावी लागली असती, तीही बी-टू सोडा, नमस्काराचं जर्मनही येत नसताना. एवढं त्या एका वाक्यावर टांगलेलं होतं.

तुमच्यासाठी तीन प्रश्न

२०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. स्टुटगार्ट ही त्याच राज्याची राजधानी. त्यात नर्सही आहेत. म्हणजे आपल्या पेण, रोहा, नागोठण्यातल्या मुलामुलींसमोर हा प्रश्न आता वाढत जाणार. जाऊ नका, असं मी अजिबात म्हणत नाही. पीची गेल्या, रखमाबाई गेल्या, म्हणून मुंबई-सुरतेतल्या बायकांना डॉक्टर मिळाल्या. पण जायच्या आधी तीन प्रश्न विचारा, आणि उत्तर एजंटकडून नाही, त्या देशाच्या नर्सिंग किंवा मेडिकल बोर्डाच्या वेबसाइटवरून घ्या.

पहिला: मला मिळणार आहे तो परवाना की नुसता दाखला? म्हणजे ब्रसेल्स की स्कॉटलंड?

दुसरा: हा परवाना किती हद्दीपुरता चालतो? देशभर, एका राज्यात, की सीमेपलीकडेही?

तिसरा, जो सहसा कुणीच विचारत नाही: पाच वर्षांनी मला कुठे असायचंय, आणि पहिला देश त्या दुसऱ्या देशाच्या वाटेवर आहे का? नियम बदलत असतात, म्हणून अर्ज करताना त्या दिवशीचा नियम बघा.

आमच्या पेणजवळ हमरापूर, जोहे या गावांतून दरवर्षी गणपतीच्या मूर्ती कंटेनरमध्ये भरून परदेशात जातात. त्या मूर्तीला लंडनला पोचल्यावर कुणी विचारत नाही की तुला कुठल्या कारागिराने घडवलं आणि त्याची परीक्षा झाली होती का. मूर्तीकडे बघितलं की काम कळतं. माणसाच्या हातात तेवढंच कसब असलं तरी त्याला दारात उभं करून कागद मागतात. रोग्याच्या जिवाचा प्रश्न आहे, त्यामुळे कागद मागणं योग्यच. पण कुठला कागद कुठे चालतो हे माहीत असणं, हासुद्धा आता या पेशाचा एक भाग झालाय. नर्सिंग कॉलेजात तो शिकवत नाहीत, म्हणून आज इथे बोललो.

तुमच्या वर्गात, चाळीत, गावात कुणी जायच्या तयारीत असेल तर हा भाग त्यांना फॉरवर्ड करा. फी भरायच्या आधी केलात तर जास्त बरं. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.